यॉ की ड्रिफ्ट? जहाज किंवा विमान मार्गावरून ढळल्यास काय तपासावे आणि काय करावे

जहाज किंवा विमान 'भरकटले' एवढेच बातम्यांत छापून येते. पण त्या एका शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी येतात आणि त्यांवरचे उपायही निरनिराळे आहेत. जहाजाची नाळ (पुढचे टोक) किंवा विमानाचे नाक उभ्या अक्षाभोवती डावीउजवीकडे वळते, तेव्हा त्या हालचालीला यॉ म्हणतात. नाक ठरलेल्या दिशेलाच असते, पण वारा किंवा पाण्याचा प्रवाह सबंध जहाजाला अथवा विमानाला आडवे सरकवत नेतो, तेव्हा ते ड्रिफ्ट होय.

दोहोंतला फरक ओळखण्यासाठी होकायंत्रावर नाकाची दिशा पाहावी आणि जीपीएसवर जमिनीच्या संदर्भात प्रत्यक्ष चाललेल्या वाटचालीची दिशा पाहावी. होकायंत्राचा आकडा ठरलेल्या दिशेच्या कधी अलीकडे, कधी पलीकडे झुलत असेल, तर तो यॉ आहे. होकायंत्र स्थिर आहे, पण जीपीएसचा आकडा त्याच्याशी जुळत नाही आणि फरक सतत एकाच बाजूला पडतो आहे, तर ते ड्रिफ्ट आहे. खवळलेल्या समुद्रात दोन्ही एकदम होतात. तेव्हा आधी यॉ आटोक्यात आणावा, कारण नाकच डोलत असताना घेतलेल्या मोजमापावर भरवसा ठेवता येत नाही.

जहाजाला यॉ सर्वाधिक होतो तो मागून तिरक्या येणाऱ्या लाटांमुळे. लाट मागची बाजू उचलून एका अंगाला ढकलते आणि नाळ विरुद्ध अंगाला वळते. नवखा सुकाणी अशा वेळी होकायंत्राचा आकडा पाहून सुकाणू फिरवतो आणि आकडा जागेवर येईपर्यंत ते तसेच धरून ठेवतो. परिणामी जहाज त्याच झोकात पलीकडे निघून जाते. मुरलेला सुकाणी आकड्याबरोबर तो किती वेगाने सरकतो आहे हेही पाहतो आणि नाळ ठरल्या दिशेला पोहोचण्याआधीच सुकाणू थोडे उलट देऊन तिचा झोक मोडतो. अभियंते निकोलस मिनोर्स्की यांनी 1922 साली जहाजांच्या स्वयंचलित सुकाणूवर जो निबंध लिहिला, त्यामागे सुकाण्यांचे हेच निरीक्षण होते, आणि आज कारखान्यांतून सर्वत्र दिसणाऱ्या पीआयडी नियंत्रणाचा (चूक किती आहे, ती किती साचली आणि किती वेगाने बदलते आहे हे पाहून आपोआप दुरुस्ती करण्याच्या पद्धतीचा) पाया त्यात सापडतो. ऑटोपायलट चालू असेल, तर खराब हवेत त्याची संवेदनशीलता कमी करावी. प्रत्येक लाटेमागे सुकाणू हलवत राहिले, तर पाण्याचा अवरोध वाढून वेग घटतो आणि यंत्रणाही झिजते.

विमानात यॉ ओळखण्याचे साधन अगदी साधे आहे: पॅनेलवरच्या वक्र काचेच्या नळीत द्रवात बुडालेली एक छोटी गोळी. ती मध्यावरून ज्या बाजूला घरंगळेल, त्या बाजूचे रडर (शेपटीवरचे उभे सुकाणू) फिरवणारे पेडल ती मध्यावर येईपर्यंत हळूच दाबावे. वळण घेताना एलेरॉन (विमान एका अंगाला कलवणाऱ्या पंखांच्या टोकाकडच्या हलत्या पट्ट्या) वापरले की वर उचलल्या जाणाऱ्या पंखावर अवरोध वाढतो आणि नाक क्षणभर वळणाच्या उलट दिशेला खेचले जाते. राइट बंधूंना हा त्रास ग्लायडरवर प्रत्यक्ष भोगावा लागला आणि 1902 मध्ये त्यांनी मागे हलते रडर बसवून त्यावर उपाय काढला. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले, तर नाक बंद इंजिनाकडे वळते. नाक सरळ ठेवण्यासाठी जो पाय जोर लावतो आहे त्या बाजूचे इंजिन चालू असते. मोकळा राहिलेला पाय बंद इंजिनाच्या बाजूचा. तरीही इंजिन पूर्ण बंद करण्यापूर्वी त्याचा थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारा दांडा) मागे घेऊन खात्री करावी.

ड्रिफ्टवर मात्र रडर दाबून ठेवण्याचा उपयोग नाही. तेथे नाक मुद्दाम वाऱ्याकडे थोडे वळवून धरावे लागते, जसा वाहत्या नदीतला नावाडी पैलतीरावरच्या घाटाऐवजी त्याच्या वरच्या अंगाला नाव रोखतो. किती वळवायचे, हे साठाच्या नियमाने काढता येते: 60 सागरी मैलांच्या वाटेवर 1 अंशाची चूक म्हणजे 1 सागरी मैल बाजूला. काटेकोरपणे 60 ऐवजी हा आकडा 57.3 आहे, पण 60 ने तोंडी हिशेब सुटसुटीत होतो आणि लहान कोनांपुरता तो पुरेसा अचूक असतो.

समजा, पावसाळ्यात एक लहान विमान 100 नॉट (तासाला 100 सागरी मैल) वेगाने मुंबईहून किनाऱ्याने दक्षिणेकडे निघाले आहे आणि समुद्रावरून 20 नॉटचा वारा त्याला आडवा लागतो आहे. 20 ला 100 ने भागून 60 ने गुणले की 12 येतात. म्हणजे नाक सुमारे 12 अंश उजवीकडे, समुद्राच्या बाजूला, ठेवावे. 12 नॉटने चाललेल्या जहाजाला 2 नॉटचा आडवा प्रवाह लागला, तर त्याच हिशेबाने 10 अंश येतात.

वाऱ्याचा अंदाज चुकला आणि 30 मैल गेल्यावर खालची खूण पाहून कळले की आपण वाटेच्या 3 मैल डावीकडे आहोत, तर चूक 6 अंशांची झाली. येथे पुष्कळजण 6 अंश उजवीकडे वळून निश्चिंत होतात. पण तेवढ्याने विमान मूळ वाटेला समांतर उडत राहील आणि मुक्कामाच्या 3 मैल बाजूने निघून जाईल. उरलेले अंतर 60 मैल असेल, तर ते 3 मैल भरून काढण्यासाठी आणखी 3 अंश हवेत, म्हणून एकूण 9 अंश वळावे.

नाक स्थिर आहे म्हणून वाटही बरोबर असेल, असे मात्र धरून चालू नये. 1 सप्टेंबर 1983 रोजी अँकरेजहून सोलला निघालेले कोरियन एअर लाइन्सचे 007 क्रमांकाचे बोइंग 747 ठरलेल्या वाटेपासून उत्तरेला सरकत कामचाटका आणि साखालिनवर पोहोचले व सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडले. 269 जण मृत्युमुखी पडले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या 1993 च्या अहवालानुसार ऑटोपायलटने विमान एकाच चुंबकीय दिशेवर धरून ठेवले होते आणि ते ध्यानात आले नाही. म्हणून ऑटोपायलट लावल्यावर तो केवळ दिशा धरतो आहे की आखलेला मार्ग, हे पॅनेलवर वाचून घ्यावे आणि प्रत्येक वळणबिंदूवर आपली जागा दुसऱ्या स्वतंत्र साधनाने, रेडिओ बेअरिंगने (जमिनीवरच्या रेडिओ केंद्राच्या दिशेवरून) किंवा खालच्या खुणेने, पडताळून नकाशावर वेळेसह नोंदवावी.