न्युटेला सेमीफ्रेडो: गोव्याच्या गरमीत हमखास होणाऱ्या या चुका टाळा

आमच्या फोंड्याला एप्रिल-मेमध्ये दुपारी किचनमध्ये उभं राहवत नाही आणि नेमकं तेव्हाच घरातल्या सगळ्यांना थंड गोड काहीतरी हवं असतं. पाहुणे आले की सेराडुरा ठरलेला, फेटलेली क्रीम, कंडेन्स्ड मिल्क आणि मारी बिस्किटांचा चुरा, झालं. भाचीला न्युटेला, म्हणजे ते चॉकलेट-हेझलनटचं स्प्रेड, प्रचंड आवडतं म्हणून तिच्या वाढदिवसाला मी पहिल्यांदा न्युटेलाचा सेमीफ्रेडो केला आणि तो जमलाच नाही, टिनमधून निघाला तो खालून दगड आणि वरून चिकट. त्यानंतर बऱ्याच वेळा केला, प्रत्येक वेळी काय बिघडलं ते वहीत लिहून ठेवलं, आता मात्र दर वेळी नीट होतो. तेच सगळं इथे देतेय.

सेमीफ्रेडो म्हणजे इटालियनमध्ये अर्धा थंड, आईसक्रीमसारखा गोठवलेला गोड पदार्थ. जिलाटो, म्हणजे इटालियन आईसक्रीम, मशिनमध्ये घुसळत घुसळत गोठवतात, याला मशिन लागत नाही म्हणून तर तो घरी करता येतो. पण मशिन नाही म्हणजे गोठताना आत हवाही जात नाही, ती आपणच आधी फेटून घालायची आणि टिनमध्ये जाईपर्यंत सांभाळायची. ती हवा निघून गेली की उरतो तो चॉकलेटचा बर्फ. एवढं एक डोक्यात ठेवलं की बाकीच्या अर्ध्या चुका तुमच्या तुम्हालाच दिसायला लागतात.

माझं प्रमाण असं: ४ अंड्यांचे पिवळे बलक, ५० ग्रॅम साखर, १८० ग्रॅम न्युटेला, ३५० मिली व्हिपिंग क्रीम, चिमूटभर मीठ. १ लिटरचा लांबट टिन भरतो, आठ जणांना पुरतो.

क्रीम फेटलीच जात नाही

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. दुकानात क्रीम मागितली की छोटा खोका देतात, त्यावर फ्रेश क्रीम लिहिलेलं असतं, फॅट २५ टक्के. मला तर दुकानात सांगितलं होतं की हीच फेटतात म्हणून, मी अर्धा तास बीटर चालवला, बीटर गरम झाला पण क्रीम पातळ ती पातळच. २५ टक्क्यांची क्रीम भाजीत घालायला छान, पण हवा धरून ठेवायला फॅट कमीत कमी ३० टक्के पाहिजे, ३५ मिळालं तर उत्तम. खोक्यावरचा आकडा वाचूनच घ्या. केकवाले वापरतात ती नॉन-डेअरी क्रीम आपल्या गरमीत चांगली उभी राहते हे खरं, पण ती आधीच गोड असते आणि जिभेवर तुपकट थर ठेवते. तीच वापरणार असाल तर बलकातली साखर २५ ग्रॅमवर आणा. मला स्वतःला दुधाचीच क्रीम पटते, चवीत फार फरक पडतो.

बरोबर क्रीम आणली तरी आपल्याकडे दुसरी अडचण गरमीची. क्रीममधलं फॅट थंड आणि घट्ट असेल तरच ते हवेच्या बुडबुड्यांना धरून ठेवतं, किचनमध्ये ३३-३४ डिग्री असताना क्रीम फेटता फेटताच सैल पडते. क्रीम आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये आत मागच्या बाजूला ठेवा, स्टीलचं भांडं आणि बीटरची पाती २० मिनिटं फ्रिझरमध्ये, आणि फेटताना भांडं परातीत बर्फावर ठेवा, बर्फावर मूठभर जाडं मीठ टाका, त्याने बर्फ जास्त थंड होतो. मी तर सरळ बेडरूममध्ये एसी लावून तिथेच फेटते. बर्फाचं पाणी किंवा भांड्याला बाहेरून सुटलेला घाम मात्र क्रीममध्ये पडू देऊ नका.

कुठे थांबायचं हे पण महत्त्वाचं. बीटर उचलला की क्रीमचं टोक वर येऊन हळूच वाकलं पाहिजे, ताठ उभं राहिलं तर उशीर झाला, कारण पुढे न्युटेलात मिसळताना ती अजून घट्ट होणारच आहे. रवाळ दिसायला लागली तर लगेच थांबा, दोन-तीन चमचे न फेटलेली थंड क्रीम हाताने हळूहळू मिसळा, बहुतेक वेळा सावरते. पाणी सुटलं तर मग ते लोणी झालं, पोळीला लावा आणि नवीन क्रीम घ्या.

बलक शिजवायचा कंटाळा

फ्रिझरमध्येच जाणार आहे म्हणून कच्चे बलक घालणारे खूप आहेत. असं करू नका. गोठवल्याने साल्मोनेलाचे जंतू मरत नाहीत, नुसते निजून राहतात, आणि आपल्याकडची अंडी दुकानात दिवसभर गरमीतच पडलेली असतात. बलक आणि साखर भांड्यात घ्या, खाली उकळी येऊन मंद केलेलं पाणी, भांड्याचा तळ पाण्याला लागता कामा नये, आणि हात न थांबवता फेटत राहा. थर्मामीटर असेल तर ७१ डिग्रीच्या पुढे न्यायचं, म्हणून मी थर्मामीटर घेतलाच, अंदाजावर राहायला नको. झालं की मिश्रण फिकट आणि दाट दिसतं, वरून सोडलं तर रिबीनसारखं पडून थोडा वेळ तसंच दिसतं. कडेला थोड्या गुठळ्या दिसल्या तर लगेच खाली उतरवून गाळून घ्या, सगळ्याचीच बुर्जी झाली तर मात्र नवीन बलक घ्या.

उतरवल्यावर पण पाच-सात मिनिटं फेटायचं, भांड्याला बाहेरून हात लावला तर कोमट सुद्धा लागायला नको. माझा भाचीच्या वाढदिवसाचा सेमीफ्रेडो इथेच गेला होता, बलक कोमट असतानाच मी क्रीम घातली आणि बघता बघता ती खाली बसली.

न्युटेलाची बाटली फ्रिजमध्ये

आपल्याकडे मुंग्यांमुळे गोड सगळंच फ्रिजमध्ये जातं. पण न्युटेला थंड झालं की घट्ट होतं, त्याच्या गुठळ्या बलकात विरघळत नाहीत आणि खाताना दाताखाली चिकट गोळे येतात. बाटली बाहेरच ठेवा, मुंग्यांसाठी ताटलीत पाणी घालून त्यात उभी करा. काही लोक ते सैल करायला चमचाभर पाणी किंवा दूध घालतात, त्याने उलट होतं, तेलाचा पदार्थ आहे, थोडंसं पाणी लागलं की आकसून जाड होतो. बाहेर ठेवलेलं असेल तर मे महिन्यात तसंही वाहतंच, फक्त ते क्रीममध्ये डायरेक्ट ओतू नका. आधी गार बलकात मिसळा, मग एक तृतीयांश क्रीम घालून मिश्रण सैल करा, ही पहिली क्रीम थोडी बसली तरी चालेल, आणि मग उरलेली दोन वेळा घालून खालून वर, खालून वर असं सपाट चमच्याने. थोडे पांढरे पट्टे राहिले तरी राहू देत, एकजीव करायच्या नादात हवा जाते.

रात्रभर ठेवूनही सेट होत नाही

याचं कारण बहुतेक वेळा साखर. न्युटेलात १०० ग्रॅममागे साधारण ५६ ग्रॅम साखरच असते, आणि साखर जेवढी जास्त तेवढा पदार्थ उशिरा गोठतो, म्हणून चव घेऊन अजून गोड हवं म्हणत साखर वाढवू नका, थंड झाल्यावर गोडी कमी लागते म्हणून चिमूटभर मीठ घाला, त्याने चॉकलेट वर येतं. दारूचंही तसंच. काजू फेणी आणि हेझलनट छान जमतं, पण एक मोठा चमचा बस, त्याहून जास्त घातलात तर लगदाच राहील. तिसरं कारण फ्रिझर. एकाच दाराच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बर्फाचे डोंगर साठले असतील तर आधी ते काढा, नॉब सगळ्यात थंडावर करा, टिन मागच्या भिंतीला टेकवून ठेवा आणि ८ तासांऐवजी पूर्ण दिवस द्या.

आणि मासे! आपल्या फ्रिझरमध्ये मासे असणारच, त्यातून १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या आधी तर भरून ठेवलेले असतात. क्रीममधलं फॅट वास पटकन ओढून घेतं. एकदा मी टिन नुसतं झाकण टेकवून ठेवला होता, दुसऱ्या दिवशी पहिला घास घेऊन सासूबाई म्हणाल्या, "अगो बाय, हाका विसवणाचो वास येता," म्हणजे याला सुरमईचा वास येतोय. क्लिंग फिल्म मिश्रणाच्या पृष्ठभागाला चिकटवून लावा, वरून परत टिनला एक फेरा, आणि मासे बंद डब्यात.

कुरकुरीतपणासाठी मी आपले काजू घालते. इटलीतल्या पिडमाँट भागात कोको महाग पडायचा तेव्हा तिथल्या लोकांनी आपल्याच भागातले हेझलनट चॉकलेटमध्ये वाटून घातले, त्यातून जांदुया नावाचं हेझलनट-चॉकलेट आलं आणि पुढे १९६४ मध्ये तिथल्याच आल्बा गावात न्युटेला, मग आपण आपल्या डोंगरावरचे काजू का नको. फक्त ते मंद आचेवर बदामी भाजून पूर्ण गार करा आणि आत न घालता वाढताना वरून टाका, आत घातलेले दुसऱ्या दिवशी मऊ पडतात.

पावसाळ्यात लाईट गेली तर फ्रिझरचं दार अजिबात उघडू नका. मिश्रण सैल झालंच तर परत गोठवू नका, हवा गेलेली असते, बर्फाचे खडे होतात, आणि अंडं आहे म्हणून तसंही बरं नाही. अजून फ्रिजइतकं थंड असेल तर लगेच वाट्यांमध्ये मूससारखं वाढून संपवा.

वाढायच्या आधी इटालियन रेसिपीत १०-१५ मिनिटं बाहेर ठेवा असं लिहिलेलं असतं, ते इथे धरू नका, आपल्याकडे तेवढ्यात कडा वितळून जातात. टिन १० मिनिटं फ्रिजच्या खालच्या भागात ठेवा, प्लेट्स आधीच फ्रिझरमध्ये, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून एक एक काप काढा आणि उरलेला टिन दुसऱ्या कापाची वाट न बघता लगेच आत.