ग्रँट्स ऑफिसर व्हायचंय? आधी व्हाउचर वाचा

ग्रँट्स ऑफिसर म्हणजे स्वयंसेवी संस्थेसाठी निधी मिळवणारा आणि त्याचा हिशेब देणारा माणूस. सोलापुरात या कामाला सुरुवात करायची तर निधीचा प्रस्ताव लिहायला बसू नका. संस्थेच्या अकाउंटंटशेजारी बसा. 12ए आणि 80जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), दर्पण (नीती आयोगाच्या पोर्टलवरची नोंदणी) आणि सीएसआर-1 (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा, म्हणजे सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी) या कागदांची एक फाइल करा. सीएसआर-1 नसेल तर कंपनीचा सीएसआर निधी संस्थेला थेट मिळत नाही. परदेशी निधीला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, आणि 2020 पासून त्यातला प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांवर जाऊ शकत नाही. हे आकडे तोंडपाठच हवेत.

मग वस्तीत जा. विडी कामगार बायांसाठी आरोग्य शिबिर लिहिताय? त्या विड्या द्यायला कारखान्यात कधी जातात, ते आधी विचारा. सकाळी दहाचं शिबिर कागदावर झकास दिसतं, प्रत्यक्षात खुर्च्या रिकाम्या. बजेटमध्ये ‘प्रवास 50,000’ असं मोघम लिहू नका. किती जणी, किती फेऱ्या, रिक्षाचं भाडं किती, असा गुणाकार मांडा. निधी देणारा तिथेच बोट ठेवतो.

चहा-नाश्त्याच्या बिलावर तारीख, सही आणि प्रकल्पाचं नाव त्याच दिवशी घ्या. मार्चमध्ये उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला, करताना दुकानदार ओळखही देत नाही!

पगार सुरुवातीला बेताचाच, खोटं कशाला सांगू. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) असेल तर बरं. पण एक्सेल आणि नेटकं इंग्रजी जास्त उपयोगी पडतं. दोन-तीन प्रकल्प अंतिम अहवालापर्यंत नेलेत की पुण्या-मुंबईच्या फाउंडेशनमध्ये, म्हणजे निधी देणाऱ्या बाजूला, अर्ज करा. मुलाखतीला जाताना तुम्ही केलेला एखादा अहवाल, नावं झाकून आणि संस्थेला विचारून, सोबत न्या.