फळ्यावर बेसबॉलचा दिनविशेष लिहायचा तर

आमची शाळा देवगडच्या बाजूची. शालेय स्पर्धांत बेसबॉल असतो म्हणून पोरं खेळतात, पण सामना कोणी पाहिलेला नसतो. म्हणून फळ्यावर सुविचाराखाली मी रोज बेसबॉलची एक ओळ लिहितो. तुम्हीही लिहू शकता.

एक लांब वही घ्या, बारा महिन्यांची पानं पाडा. आधी ठळक दिवस टाका. १५ एप्रिल १९४७ चुकवू नका: जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून उतरला आणि काळ्या खेळाडूंना बंद असलेलं मेजर लीगचं, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉलचं, दार उघडलं. आदल्याच दिवशी आंबेडकर जयंती झालेली असते, त्यामुळे पोरांना फार समजवावं लागत नाही.

खरं काम तारीख तपासण्याचं. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ४/८/१९७४ दिसलं की आपण ऑगस्ट समजतो. तो असतो ८ एप्रिल. त्या रात्री अटलांटात हँक अॅरनने कारकिर्दीतला ७१५वा होमरन (चेंडू थेट कुंपणाबाहेर) मारून बेब रूथचा विक्रम मागे टाकला. आपल्याकडे तेव्हा ९ तारीख उजाडली होती, पण धरायची तिथलीच.

रूथची तर जन्मतारीखच गमतीची. ७ फेब्रुवारी १८९४ ही आपली जन्मतारीख असं तो चाळिशीला टेकेपर्यंत धरून चालला. पासपोर्टसाठी दाखला काढला तेव्हा ६ फेब्रुवारी १८९५ निघाली. गुरुजींनी १ जून लावून दिलेली आजोबा मंडळी आपल्याकडे घरोघरी आहेत, तेव्हा हसायला नको. दोन तारखा सापडल्या तर दाखल्यावरची घ्या.

नोव्हेंबर ते जानेवारी तिकडे सामने जवळजवळ नसतात. तिथे वाढदिवस कामाला येतात. २१ नोव्हेंबर माझा आवडता: स्टॅन म्यूझिअल (१९२०) आणि केन ग्रिफी ज्युनिअर (१९६९), दोघेही पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा नावाच्या छोट्या गावात जन्मले. ३१ जानेवारीला रॉबिन्सन, अर्नी बँक्स आणि नोलन रायन असे तिघं. एकाच ओळीत कोंबू नका, दरवर्षी एक घ्या.

नुसतं ‘आज अमक्याचा जन्म’ लिहिलंत तर कोणी वाचत नाही. त्याने काय केलं ते आकड्यासकट लिहा. ‘रिकी हेंडरसनने १४०६ बेस चोरले’ लिहिलं की लगेच हात वर: “सर, चोरले म्हणजे काय ओ?” समोरचा चेंडू फेकत असताना पळत पुढचा बेस गाठायचा, हे खेळाच्या तासाला करून दाखवायचं. (त्याचा वाढदिवस २५ डिसेंबर, म्हणून ओळ २४ला.)

सुट्टीत येणारी मोठी माणसं सोडू नका, दुसऱ्या तारखेला बसवा. विली मेजचा वाढदिवस ६ मेला, तेव्हा पोरं हापूसच्या पेट्या भरत असतात. मी त्याला २९ सप्टेंबरला घेतो. १९५४च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (मेजर लीगची अंतिम मालिका) त्या दिवशी त्याने चेंडूकडे पाठ करून धावत जाऊन झेल घेतला. पाऊस ओसरलेला असला तर तसा झेल मैदानात घेऊन बघता येतो. पहिला चेंडू टेनिसचा द्या.