निरोपाचे मनोगत लिहिताना

नागपुरातील एका शाळेत 33 वर्षे गणित शिकवून मी निवृत्त झालो. तेव्हापासून निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले सहकारी निरोप समारंभाचे मनोगत लिहून देण्याची विनंती घेऊन माझ्याकडे येतात. मी लिहून देत नाही, कसे लिहावे एवढेच सांगतो. कारण वर्गाचे आपल्यावर असलेले ऋण दुसऱ्याला मोजता येत नाही.

खाजगी अनुदानित शाळेतील शिक्षक ज्या महिन्यात वयाची 58 वर्षे पूर्ण करतो, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. तारीख कित्येक वर्षे आधी ठाऊक असूनही बहुतेक जण आदल्या रात्री लिहायला बसतात आणि मग ‘व्यासपीठावरील मान्यवर’ येथून निघून ‘काही चुकले असल्यास क्षमा असावी’ येथे थांबणारा, कोणत्याही शाळेत कोणीही वाचावा असा मजकूर हाती येतो. शेवटचे आठवडे सेवापुस्तिकेतील नोंदी आणि पेन्शनची कागदपत्रे यांतच जातात, म्हणून दोन महिने आधी सुरुवात करावी.

‘कृतज्ञ’ म्हणजे केलेले जाणणारा. त्यामुळे पहिले काम लिहिण्याचे नसून आठवण्याचे आहे. घरी जपलेल्या टाचणवह्या आणि वर्गाचे फोटो काढावेत. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन शाळेतील जुने हजेरीपट पाहता आले तर फारच उत्तम. हजेरी घेताना ज्या क्रमाने नावे पुकारली, त्याच क्रमाने ती हलक्या आवाजात वाचावीत. पाच-दहा नावांनंतर एखाद्या नावाशी आवाज अडखळतो. तेथे थांबावे आणि त्या मुलाने किंवा मुलीने आपल्याला काय दिले, हे एका ओळीत वहीत टिपावे. तो पुढे कोण झाला हे टिपू नये. ती त्याची कमाई आहे, आपले देणे वेगळे आहे.

माझ्या वहीतील पहिली ओळ आठवीतल्या एका मुलीविषयी होती. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हा नियम मी फळ्यावर लिहिला तेव्हा तिने उभे राहून विचारले, “सर, पण का?” नोकरीचे नववे वर्ष होते आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी “उद्या सांगतो” म्हणालो. त्या रात्री उणे 3 ला क्रमाने 2, 1 आणि 0 यांनी गुणत गेलो. उत्तरे आली उणे 6, उणे 3, शून्य. प्रत्येक पायरीला उत्तर 3 ने वाढत होते. तोच क्रम पुढे नेला की उणे 3 गुणिले उणे 1 चे उत्तर अधिक 3 येण्यावाचून गत्यंतरच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर पहिल्या तीन ओळी लिहिल्या आणि चौथी वर्गानेच सांगितली. त्यानंतर कोणताही नियम कारणाशिवाय शिकवायचा नाही, असे मी ठरवले. मला शिक्षक त्या प्रश्नाने केले, आणि मनोगतात मी हेच, एवढ्याच तपशिलाने सांगितले. “विद्यार्थ्यांनी मला खूप काही शिकवले” या वाक्यापेक्षा असा एक प्रसंग ऐकणाऱ्यांपर्यंत लवकर पोहोचतो.

आपली चूकही लिहावी. रोज उशिरा येणाऱ्या एका मुलाला मी आठवडाभर वर्गाबाहेर उभे केले होते. पहाटे कळमना बाजारात वडिलांबरोबर पोती उतरवून तो सायकलने शाळेत येत असे, हे मला त्याच्या मित्राकडून कळले. त्याने स्वतः कधी तक्रार केली नाही आणि माझ्याशी बोलणेही सोडले नाही. असा प्रसंग सांगताना मुलाचे नाव घेऊ नये, किंवा त्याला आधी विचारून मगच घ्यावे. भर सभेत कोणाची गरिबी उघडी पडता कामा नये.

संस्थाचालक आणि मुख्याध्यापक यांचे आभार दोन वाक्यांत मानावेत. त्याउलट घंटा देणारे शिपाईदादा, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि आपण पेपर तपासत असताना घर सांभाळणारे माणूस यांच्यासाठी प्रत्येकी एक ठोस गोष्ट शोधावी. मजकूर घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहावा. सात मिनिटांपेक्षा जास्त होत असेल तर मानसन्मान आणि पुरस्कार यांची वाक्ये काढावीत. प्रसंगांना हात लावू नये.

आपल्याकडे एक गोष्ट विशेष जपावी लागते. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतात, त्यामुळे 31 मे रोजी निवृत्त होणाऱ्याच्या सत्काराला शाल-श्रीफळ असते, पण मुले नसतात. ज्यांची तारीख मे महिन्यात येते त्यांनी सुट्टी लागण्यापूर्वीच, सकाळपाळीच्या शेवटच्या तासाला, आपल्या वर्गात फळ्याजवळ उभे राहून हे मनोगत मुलांना आधी वाचून दाखवावे. समारंभात तेच पुन्हा वाचायला काहीच हरकत नाही.

वहीतील ज्या ओळी सात मिनिटांत मावल्या नाहीत, त्यांची पत्रे करावीत. त्या मुलीचा पत्ता मला तिच्या वर्गमैत्रिणीकडून मिळाला. पोस्टकार्डावर मी गुणाकाराच्या त्या चार ओळी लिहिल्या आणि खाली सही केली.