तासांची मिनिटं, मिनिटांचे तास: हिशेब कसा करावा

रावेर-यावलकडे केळीला पाणी सोडणारा शेतकरी असो की भुसावळहून रात्रीची गाडी पकडणारा विद्यार्थी, वेळेचा हिशेब कुणालाच टळत नाही. पैशांचा हिशेब १०० वर चालतो, वेळेचा ६० वर. बहुतेक गफलती इथेच होतात.

आधी एवढं पाठ असू द्या: ६० सेकंदांचं १ मिनिट, ६० मिनिटांचा १ तास, २४ तासांचा १ दिवस. म्हणजे तासाचे ३,६०० सेकंद आणि दिवसाची १,४४० मिनिटं.

मोठ्या एककाचं लहान करायचं तर गुणा. २ तास ३५ मिनिटं म्हणजे २ × ६० = १२०, अधिक ३५, झाली १५५ मिनिटं. लहानाचं मोठं करायचं तर भागा आणि बाकी जपून ठेवा. ५०० मिनिटांना ६० ने भागलं की भाग ८, बाकी २०. उत्तर ८ तास २० मिनिटं.

हेच गणित मोबाईलवर केलं की ८.३३ दिसतं आणि ते सर्रास ‘८ तास ३३ मिनिटं’ असं वाचलं जातं. दशांश चिन्हापुढचा आकडा म्हणजे मिनिटं नव्हेत. त्याला ६० ने गुणलं की मिनिटं मिळतात.

ठिबकवर याचा फटका लगेच बसतो. समजा, केळीच्या एका खोडाला १८ लिटर पाणी द्यायचंय आणि खोडाजवळ तासाला ४ लिटरचे दोन ड्रिपर आहेत. तासाला ८ लिटर पडणार, म्हणून १८ ÷ ८ = २.२५ तास. ०.२५ × ६० = १५, म्हणजे २ तास १५ मिनिटं. कुणी २ तास २५ मिनिटं मोटर चालवली, तर १० मिनिटं पाणी आणि वीज दोन्ही जास्त गेली. आता शेताच्या पाच भागांचे असे पाच व्हॉल्व्ह एकामागून एक चालवायचे असतील, तर तास आणि मिनिटं वेगवेगळी गुणा: १० तास ७५ मिनिटं. ७५ मधला एक तास बाहेर काढला की ११ तास १५ मिनिटं. लाईट आठच तास असेल, तर तीन व्हॉल्व्ह ६ तास ४५ मिनिटांत उरकतात. चौथा धरला तर एकूण ९ तास होतील, म्हणून तो दुसऱ्या दिवसावर ठेवा.

मध्यरात्र ओलांडणारी वेळ दोन तुकड्यांत मोजा. गाडी २३:५० ला सुटून ०६:२० ला पोचत असेल, तर बारापर्यंत १० मिनिटं आणि पुढे ६ तास २० मिनिटं; एकूण साडेसहा तास.

महिन्यांच्या बाबतीत सरसकट ३० ने भागू नका. १५ जूनच्या लागवडीला ३०० दिवस कधी होतात? १० महिने धरले तर १५ एप्रिल येतं. कॅलेंडरवर मोजा, ११ एप्रिलच येईल (पुढचं वर्ष लीप असेल तर १० एप्रिल).

पंचांगातल्या घटका-पळांनाही हीच रीत लागू पडते. ६० पळांची १ घटका, ६० घटकांचा अहोरात्र. म्हणून घटका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचं. १५ घटका २० पळं म्हणजे ३६० मिनिटं अधिक ४८० सेकंद, म्हणजेच ६ तास ८ मिनिटं. ही वेळ सूर्योदयापासून मोजतात, म्हणून तुमच्या गावचा सूर्योदय ६:१० चा असेल तर घड्याळात १२:१८ वाजलेले असतील.