स्वतःचे आयकर विवरणपत्र भरण्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना

एकच नोकरी आणि बचत खात्याचे व्याज एवढेच उत्पन्न असेल, तर पैसे देऊन सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर विवरणपत्र विनामूल्य भरता येते आणि बरीचशी माहिती तेथे आधीच भरलेली असते. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकले असतील, तर मात्र ब्रोकरकडील भांडवली नफ्याची फाइल थेट घेणारे सॉफ्टवेअर निवडावे.

निवडीपूर्वी मी एक कसोटी आवर्जून लावतो. कोथरूडमध्ये भाड्याने राहणाऱ्याचे २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे आकडे भरून पाहावेत. त्या वर्षी घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी पुणे महानगरांत मोडत नव्हते, त्यामुळे मर्यादा मुंबईप्रमाणे मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या ५० टक्के नव्हे, तर ४० टक्के होती. जे सॉफ्टवेअर शहर न विचारताच सवलत काढते, त्यावर विसंबू नये. ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, म्हणून दोन्ही प्रणालींतील कर शेजारीशेजारी दिसायला हवा.

शुल्क किती, हे शेवटच्या पानावर नव्हे, आरंभीच कळले पाहिजे. विवरणपत्र दाखल केल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करावी.