सुधारगृहात नव्याने रुजू होताय? मुलांशी असं वागून बघा

पोरगं आत आलं की पहिल्या रात्री गुन्ह्याची चौकशी करू नका. ती करणारे भरपूर भेटलेले असतात त्याला. त्याच्या डोक्यात तीनच गोष्टी असतात: घरी कळलं का, इथे मारतात का, सुटणार कधी. त्यांची उत्तरं द्या. 'लवकरच' असलं मोघम नको. पुढची तारीख ठाऊक असेल तर कागदावर लिहून हातात द्या. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का, तेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरला त्याच रात्री बोलवायचं.

भेट बंद करण्याची धमकी लगेच लागू पडते, म्हणूनच ती सारखी तोंडात येते. गिळून टाका. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या नियमांत घरच्यांशी संपर्क तोडायला आणि एकांतवासाला मनाई आहे. शक्यतो आठवड्याला एक भेट, निदान महिन्याला एक, शिवाय आठवड्यातून दोनदा तरी पत्र किंवा फोन, असं त्यात आहे. आमचे एक जुने वॉर्डन याला लाड म्हणायचे. म्हणोत.

ज्याचं कुणी येत नाही, तो भेटीच्या दिवशी सकाळीच केस विंचरून दाराकडे बघत बसतो. संध्याकाळी कुणाच्या तरी अंगावर धावून जातो. म्हणून आदल्या दिवशीच घरी फोन लावा. येणार नसतील तर त्याला बाजूला घेऊन आधीच सांगा. मग समोर बसवून 'काय वाटतंय' विचारू नका, खांदे उडवेल. धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायला सोबत घ्या. दोन टोकं तुमच्याकडे, दोन त्याच्याकडे, नजर चादरीवर. तिसऱ्या-चौथ्या घडीला बरेचदा तोच बोलायला लागतो. तेवढ्यात उपदेश सुरू केलात तर संपलंच.

शाळा आणि मैदान रोज हवं, बक्षीस म्हणून नव्हे. झोपही आठ ते दहा तास. रात्री उगाच दिवे लावून फिरू नका.

सुटकेची तयारी, म्हणजे दाखला, ओळखपत्र, राहायची सोय, पहिल्या आठवड्यातच हातात घ्या. घरी जायचं नाही म्हणाला तर कारण एकांतात विचारा. घरात मार खाल्लेली पोरंही यात असतात. अशा घरी फोन लावण्याआधी समुपदेशकाला गाठा.